जमिनीखाली पाण्याची आणि ड्रेनेजची लाईन टाकताय? या चुका टाळा

नाशिकात एका प्लॉटवर काळी माती लागते, तर दोन गल्ल्या सोडून कुदळ थेट काळ्या पाषाणावर खणखणते. दोन्हीकडे लोक पाईप भारी कंपनीचा घेतात आणि चर मात्र मजुरांवर सोडून मोकळे होतात.

पाथर्डी फाट्याजवळच्या एका घरात अंगणाची फरशी सतत ओली राहायची. आम्ही खणलं. पाईपखाली मुठीएवढा दगड होता, पाईपला तिथेच खळगा पडला होता आणि त्यातून केसासारखी चीर निघाली होती. पाईप नवाच होता. चराचा तळ कुणी साफ केला नव्हता, एवढंच.

काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्या ओढाताणीत सांधे सुटतात. म्हणून चर चार-सहा इंच जास्त खोल घ्या, तळाला वाळू किंवा कच (खडीचा बारीक चुरा) अंथरा आणि पाईपच्या दोन्ही बाजूंनी, वरही निदान सहा इंच तीच भरा. त्यावर मुरूम थराथराने टाकून पाणी मारा, धुमसाने ठोका. दगडगोटे, विटांचे तुकडे चरात नकोतच.

दुसरी चूक जिवावर बेतणारी. खोदाई वाचवायला पाण्याची आणि मैल्याची लाईन एकाच चरात टाकतात. आपल्याकडे नळाला पाणी ठरावीक वेळेलाच येतं. ते गेलं की पाईपमधला दाब उतरतो आणि सांधा जरासा सैल असला तरी बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं. दोन्हींत दहा फुटांचं अंतर ठेवा. जागाच नसेल, तर पाण्याची लाईन किमान दीड-दोन फूट वरून न्या.

चार इंची ड्रेनेजला दहा फुटांमागे तीन इंच उतार द्या, तोही लेव्हल ट्यूबने, म्हणजे पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने मोजून. वळणावर चेंबर हवाच. आणि पाणी भरून सांधे तपासल्याशिवाय माती लोटू देऊ नका, प्लंबर कितीही घाईत असला तरी.

चर पाच फुटांहून खोल असेल तर कडांना फळ्या आणि टेकू लावा. काढलेली माती काठापासून पाच फूट लांब टाका. ओली काळी माती कोसळताना सावध व्हायला वेळ देत नाही. जुन्या चेंबरमध्ये तर कुणालाही उतरवू नका. आतल्या वायूने माणूस क्षणात बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला उतरलेलाही तिथेच राहतो. सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवून गटार किंवा सेप्टिक टाकी साफ करून घ्यायला 2013 च्या कायद्याने बंदी आहे. सक्शन मशीनची गाडी बोलवा.