गोचीड अंगावर कमी, घरात जास्त

माझ्या कुत्रीच्या, भुरीच्या, नाकातून रक्त आलं, त्याच्या दोनेक आठवडे आधी मला तिच्या कानामागे एक गोचीड सापडली होती. काढली, फेकून दिली आणि विसरून गेले. मग तिचं खाणं कमी झालं. वाटी अर्धी राहायला लागली, जिना चढताना ती मधल्याच पायरीवर बसायची. ऊन वाढलंय, म्हणून मलूल झाली असेल, असं मी धरून चालले. रक्त तपासलं तेव्हा प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, 31 हजारांवर आलेल्या होत्या. निरोगी कुत्र्यात त्या साधारण 2 लाखांच्या आसपास किंवा वर असतात. आजार निघाला एर्लिकिओसिस, गोचिडीतून येणाऱ्या एर्लिकिया नावाच्या जंतूचा. चार आठवडे डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक चाललं आणि भुरी वाचली. तेव्हापासून मी काय काय करते ते सगळं इथे सांगते, कारण यातलं बहुतेक मला आधी माहीत असतं तर ती वेळ आलीच नसती.

आधी गोचिडीचं वागणं समजून घ्या. घरात शिरणारी जी तपकिरी गोचीड असते ती आयुष्यात तीनदा कुत्र्यावर चढते. अंड्यातून निघते तेव्हा तिला सहा पाय असतात आणि ती खसखशीएवढी असते. रक्त पिते, खाली पडते, फटीत जाऊन कात टाकते आणि आठ पायांची होऊन परत चढते. पुन्हा तेच, आणि मग पूर्ण वाढलेली मादी रक्त पिऊन करड्या मण्यासारखी फुगते, गळून पडते आणि कुठल्या तरी कोपऱ्यात काही हजार अंडी घालून मरते. म्हणजे तिच्या आयुष्यातले फार थोडे दिवस कुत्र्याच्या अंगावर जातात, बाकी सगळे तुमच्या घरात. कुत्र्याच्या अंगावर पाच दिसल्या तर भिंतीत, पलंगाच्या सांध्यांत, पडद्याच्या चुण्यांत बाकीच्या बसलेल्या आहेत असंच समजा. या गोचिडीला वर चढायची सवय असते. म्हणून नुसती फरशी बघून भागत नाही, दाराच्या चौकटीच्या वरच्या कडा आणि छताचे कोपरेही बघावे लागतात.

रोज रात्री मी भुरीला हाताने तपासते. डोळ्यांनी नाही, हाताने. केसांच्या उलट दिशेने बोटं फिरवायची आणि कातडीवर काही टचकन लागतंय का ते बघायचं. सुरुवात कानांपासून: आतली घडी, कडेची छोटी खिसासारखी दुमड, मागची बाजू. मग पापण्या, ओठांच्या कडा, पट्टा काढून पट्ट्याखालची मान, काखा, जांघा, शेपटीच्या खालची जागा. शेवटी पंजे. प्रत्येक दोन बोटांच्या मधली जागा फाकवून बघायची, कारण तिथली कातडी पातळ असते आणि गोचीड तिथे हमखास सापडते. पाच-सात मिनिटं लागतात. एक सावधगिरी: कुत्र्याच्या पोटावरचे सड आणि म्हातारपणी येणारे चामखीळ हाताला गोचिडीसारखेच लागतात. ओढायच्या आधी उजेडात धरून पाय दिसतात का ते बघा.

सापडली तर बारीक टोकाचा चिमटा घ्या, हातात मोजे घाला. चिमट्याने पोट पकडायचं नाही. पोट दाबलं की आतला ऐवज कुत्र्याच्या रक्तात जायची भीती असते. जिथे तिचं तोंड कातडीत रुतलंय तिथे, अगदी कातडीला टेकून पकडायचं आणि एकसारख्या जोराने सरळ वर ओढायचं. झटका नको, पिळणं नको. कातडी तंबूसारखी उचलली जाते, क्षणभर तशीच राहते आणि मग गोचीड सुटते. तोंडाचा तुकडा आत राहिलाच तर उकरत बसू नका, कातडी तो स्वतः बाहेर टाकते. जागा जंतुनाशकाने पुसा. गोचीड स्पिरिटच्या बाटलीत टाका आणि बाटलीवर तारीख लिहा. मी पहिली गोचीड फेकली आणि तारीखही विसरले, त्यामुळे डॉक्टरांनी विचारल्यावर मला धड काही सांगता आलं नाही. बोटांनी चिरडू नका. रॉकेल, तेल, व्हॅसलीन, पेटती काडी यातलं काहीही लावू नका. त्याने ती सुटायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ तिची लाळ आत जात राहते. कुत्र्याला स्वतः चावून काढू देऊ नका, कारण हेपॅटोझून नावाचा परजीवी गोचीड गिळल्यानेच शरीरात जातो.

वेळेला इथे फार किंमत आहे. गोचिडीतून येणाऱ्या लाइम या आजाराच्या जंतूला कुत्र्यात शिरायला बहुधा दिवसभराहून जास्त वेळ लागतो, बॅबेसिया या रक्तातल्या परजीवीलाही साधारण दोन दिवस. एर्लिकिया मात्र काही तासांतच जाऊ शकतो. म्हणून रोजची तपासणी हवीच, पण तेवढ्यावर विसंबू नका, औषधही हवं.

औषधाचे तीन मुख्य प्रकार आहेत: चघळायची गोळी, मानेवर टाकायचे थेंब आणि औषधी पट्टा. फ्लुरालानर, अफॉक्सोलानर या गटातल्या गोळ्या रक्तातून काम करतात, म्हणजे गोचीड चावल्यावर मरते. गोळी दिल्यानंतरही एखादी चिकटलेली दिसली तर औषध वाया गेलं असं समजू नका. काही कुत्र्यांना या गटाने झटके येऊ शकतात. अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियंत्रण संस्थेने 2018 मध्ये तशी सूचना दिली होती. तुमच्या कुत्र्याला पूर्वी कधी फिट आली असेल तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता ते त्यांना सांगा. फ्लुमेथ्रिनसारखं औषध असलेले पट्टे वेगळ्या पद्धतीने काम करतात, त्यातले काही चावायच्या आधीच गोचिडीला दूर ठेवतात. थेंब टाकताना केस बाजूला करून थेट कातडीवर टाका आणि त्याच्या दोन दिवस आधी आणि दोन दिवस नंतर अंघोळ घालू नका.

घरात मांजर असेल तर परमेथ्रिन असलेलं कुत्र्याचं औषध आणूच नका. मांजराला ते जीवघेणं आहे, नुकतंच औषध लावलेल्या कुत्र्याला बिलगून झोपल्यानेही. कोली जातीच्या बऱ्याच कुत्र्यांत एक जनुकीय दोष असतो, त्यामुळे आयव्हरमेक्टिन या परजीवींवरच्या औषधाचा जास्त डोस त्यांच्या मेंदूपर्यंत पोचतो. आणि मोठ्या कुत्र्याची गोळी अर्धी करून दोन छोट्यांना देऊ नका. प्रत्येक वेळी वजन करूनच औषध घ्या, पिल्लाचं तर नक्कीच. लसूण खायला घालून गोचीड जाते हे खरं नाही, उलट लसणाने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात.

आता घर. भुरी बरी झाल्यावर मी चार महिने एका कामाला लागले होते. अंथरूण दर आठवड्याला 60 अंशांच्या गरम पाण्यात. व्हॅक्यूम फरशीच्या कडांनी, पलंगाखाली, सोफ्याच्या शिवणींत, आणि लगेच पिशवी बांधून घराबाहेर. भिंतीतल्या फटी बुजवल्या. दोनदा फवारणी करून घेतली, कारण एकाच फवारणीत अंडी राहून जातात. एक महिना काही दिसलं नाही म्हणून थांबू नका. उपाशी गोचीड महिनोन्‌महिने वाट बघत बसू शकते.

लक्षणं लक्षात ठेवा. ताप, मंदपणा, खाणं सोडणं, हिरड्यांवर किंवा पोटावर बारीक लाल ठिपके, नाकातून रक्त: हे एर्लिकियाकडे बोट दाखवतात. बॅबेसिया तांबड्या पेशी फोडतो, म्हणून हिरड्या पांढुरक्या किंवा पिवळट होतात आणि लघवी गडद तपकिरी येते. यातलं काहीही दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. मी दर रविवारी भुरीचा ओठ उचलून हिरडी बोटाने दाबते. दाबलेली जागा पांढरी होते आणि दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवी.

पिसवांचं गणित गोचिड्यांसारखंच, बहुतेक अंडी आणि अळ्या घरातच. कुत्र्याला विंचरून पडलेला काळा भुगा ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजेच पचलेलं रक्त. कुत्र्याने पिसू गिळली की पट्टकृमी हा चपटा जंत होतो, त्याचे काकडीच्या बीसारखे तुकडे शेपटीखाली हलताना दिसतात. पिरँटेल हे नेहमीचं जंताचं औषध त्यावर चालत नाही, प्राझिक्वांटेल लागतं.

डासांमधून येणारा हृदयकृमीही विसरू नका. त्याचं मासिक औषध मागच्या महिन्यात शिरलेल्या अळ्या मारतं, पुढच्या महिन्याच्या नाही, म्हणून एकही महिना चुकवायचा नाही. सुरू करायच्या आधी रक्त तपासून घ्या.

पिल्लांना गोलकृमी आईच्या पोटातच होतात, त्यामुळे दोन आठवड्यांच्या वयापासून दर दोन आठवड्यांनी जंताचं औषध सुरू करतात. विष्ठा लगेच उचला. या जंतांची अंडी मातीत दोन-तीन आठवडे राहिली की लागण करू लागतात, आणि माणसांच्या मुलांनाही.

घरात दुसरा कुत्रा आणणार असाल, तर तो कितीही ठणठणीत दिसला तरी आधी रक्ताची तपासणी करून घ्या. एर्लिकिया शरीरात महिने, कधीकधी वर्षंही गप्प बसतो, आणि त्या नव्या कुत्र्याचं रक्त प्यायलेली गोचीड कात टाकून तुमच्या जुन्या कुत्र्यावर चढते. भुरीनंतर काळू आला तेव्हा त्याचा अहवाल येईपर्यंत मी दोघांची अंथरुणं वेगळ्या खोल्यांत ठेवली होती. त्याच्या अहवालात एर्लिकिया निघाला. आता दोघांचे औषधाचे दिवस दारामागच्या कॅलेंडरवर एकाच लाल पेनाने लिहिलेले असतात.