भोपळ्यातल्या म्हातारीचा स्टॉप मोशन भाग कसा तयार करावा

स्टॉप मोशन म्हणजे बाहुल्या किंचित किंचित हलवत एकेक छायाचित्र घेऊन केलेले चलचित्र. त्यासाठी लोककथा निवडताना तिच्यात हलते काय, हे आधी पाहावे. लेकीकडे निघालेली म्हातारी, वाटेत आडवे येणारे वाघ-कोल्हे आणि परतीच्या वाटेवर घरंगळणारा भोपळा एवढ्या सामग्रीवर दूरचित्रवाणीचा पाच मिनिटांचा भाग सहज उभा राहतो.

भारतीय दूरचित्रवाणीसाठी सेकंदाला २५ चौकटी (फ्रेम) लागतात. प्रत्येक छायाचित्र दोन चौकटींपुरते धरले, तरी पाच मिनिटांसाठी ३७५० छायाचित्रे काढावी लागतात. म्हणून बाहुल्यांना हात लावण्यापूर्वी सर्व संवाद ध्वनिमुद्रित करून कोणते अक्षर कोणत्या चौकटीवर पडते, याचा तक्ता करावा. ही पायरी मला सर्वांत मोलाची वाटते, कारण ‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’ म्हणताना आजीच्या तोंडी जो ताल असतो, तोच भोपळ्याच्या उड्या ठरवतो. ‘टु’ला भोपळ्याने जमीन सोडावी आणि ‘णूक’ला तो खाली यावा. उडीच्या माथ्यावर त्याला प्रत्येक छायाचित्रात अगदी थोडे आणि जमिनीजवळ बरेच सरकवावे. हे अंतर सर्वत्र सारखे ठेवले तर भोपळा वजनदार न वाटता तरंगल्यासारखा दिसतो. कागदाच्या लगद्याचे तीन भोपळे करावेत: एक नेहमीचा, एक किंचित चपटा, एक किंचित लांबट. जमिनीला टेकताना एका छायाचित्रापुरता चपटा भोपळा ठेवला की उडीत जीव येतो. हवेतील भोपळा जाड तारेवर पेलावा आणि ती तार नंतर संगणकावर पुसता यावी, यासाठी रिकाम्या देखाव्याचे एक छायाचित्र आधीच घेऊन ठेवावे.

म्हातारी तूप-रोटी खाऊन जाडजूड होते, त्यामुळे तिच्या दोन बाहुल्या लागतात. सांगाडा पीळ दिलेल्या ॲल्युमिनियमच्या तारेचा करावा आणि पाऊल खालून स्क्रूने फळीला आवळता येईल अशी सोय ठेवावी. लुगड्यासाठी मुंबईच्या मंगलदास मार्केटमधील बारीक विणीचे सुती कापड घ्यावे व पदराच्या काठात पातळ तार शिवावी. तसे न केल्यास प्रत्येक स्पर्शाने पदर हलतो आणि पडद्यावर सतत थरथरत राहतो.

खिडकी काळ्या कापडाने पूर्ण झाकावी, कॅमेऱ्यातील सर्व स्वयंचलित मापे बंद करावीत आणि काम करणाऱ्याने गडद कपडे घालावेत, कारण पांढऱ्या सदऱ्यावरून परतणारा उजेडही चित्रात लुकलुकतो. आपल्याकडील वीज ५० हर्ट्‌झची असल्याने साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. अर्ध्या सेकंदाचे उद्भासन (एका छायाचित्रासाठी कॅमेऱ्यात उजेड घेण्याचा वेळ) ठेवले की हा फरक बुजतो. मात्र तेवढा वेळ काहीही हलता कामा नये, आणि मुंबईत रेल्वेमार्गालगतच्या घरांत हे कठीणच. अशा ठिकाणी तिपाई व मेज दोन्ही जमिनीला पक्के करावे, गाडी जाईपर्यंत थांबावे आणि शक्य असल्यास शेवटच्या लोकलनंतर काम करावे.

पावसाळ्यात दमट हवेने लाकडी फळी फुगते आणि रंगवलेला कागद रात्रीतून वाकतो. म्हणून एखादे दृश्य अर्धवट ठेवून झोपायला जाऊ नये. एका बैठकीत संपतील एवढेच छोटे तुकडे पाडावेत.