उभ्या गाडीला कोणी ठोकून गेलं तर

कोथरूडला डहाणूकर कॉलनीतल्या एका गल्लीत माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. वर घर, खाली दुकान आणि समोर रस्त्याच्या कडेला माझी पांढरी स्विफ्ट. इमारतीत पार्किंग नाही, त्यामुळे गेली सहा वर्षं ती तिथेच उभी असते. एवढ्या काळात तिला चार वेळा ठोकलंय, आणि त्यातल्या तीन वेळा ठोकणारा गुपचूप निघून गेला. पहिल्या वेळी मी गल्लीत उभी राहून दहा मिनिटं बडबड केली, समोरच्या काकूंनी गॅलरीतून माना डोलावल्या, आणि तेवढ्यात पावसाची सर आली. बंपरवर जो काही परका रंग होता तो डोळ्यांदेखत वाहून गेला. दुसऱ्या वेळी मी तोंड मिटलं आणि मोबाइल काढला. ती दुसरी वेळच नीट सांगते, कारण काय करायचं ते मला तेव्हा कळलं.

श्रावणातली सकाळ. मागचा डावा दरवाजा आत गेलेला आणि तिथून मागच्या चाकावरच्या पत्र्यापर्यंत लांब ओरखडा. अशा वेळी पहिली चूक आपण सगळेच करतो: पदर किंवा रुमाल घेऊन डाग पुसायला जातो. पुसू नका. गाडी हलवूही नका. आधी लांबून फोटो काढा. गाडी, रस्त्याची कड, शेजारचं दुकान, नंबरप्लेट, सगळं एका चौकटीत आलं पाहिजे. मग जवळून काढा, आणि शेवटी अगदी तिरक्या कोनातून, कारण पत्र्याचा खड्डा समोरून दिसतच नाही. खाली रस्त्यावरही बघा. तुटलेल्या दिव्याची काच, प्लॅस्टिकचा तुकडा, क्लिप, जे असेल त्याचा फोटो काढून ते पिशवीत घाला. सफाईची बाई आली की ते गेलंच म्हणून समजा.

गळ्यात टेप असतेच, म्हणून मी मापं घेतली. गंमत म्हणून घेतली होती, पण तीच सगळ्यात कामाला आली. ओरखडा जमिनीपासून बरोबर ३० इंचांवर होता. माझ्या गाडीच्या बंपरचा सगळ्यात पुढे आलेला भाग २० इंचांवर आहे, शेजारच्यांच्या गाडीचाही साधारण तेवढाच. स्कूटरची मूठ लागली असती तर खूण ४० इंचांच्या आसपास आली असती. म्हणजे कार नाही, स्कूटरही नाही. ओरखड्यात निळा रंग आणि गंजाचे बारीक कण अडकले होते. रंगाचा चुरा साठला होता तो मागच्या चाकाकडच्या टोकाला. खरवडणारी वस्तू ज्या दिशेने सरकते त्या दिशेला चुरा ढकलला जातो, कापडावर खडू ओढला की होतं तसंच. म्हणजे काहीतरी उंच, निळं आणि गंजकं माझ्या गाडीच्या पुढून मागे सरकत गेलं होतं. टेम्पोच्या हौद्याचा कोपरा.

त्यानंतर कॅमेरा. आपल्या गल्लीत आता इतके कॅमेरे आहेत की आपण शिंकलो तरी कुठेतरी नोंद होते. पण फुटेज कायम राहत नाही, डिस्क भरली की जुनं आपोआप पुसलं जातं. कुठे महिनाभर राहतं, कुठे आठवडाही नाही. त्यामुळे ‘रविवारी निवांत बघू’ म्हणू नका. मी समोरच्या मेडिकलवाल्या दादांकडे गेले. दुकानात गर्दी असताना जाऊ नका, आणि ‘फुटेज द्या’ अशी सुरुवात तर मुळीच करू नका. शक्य तेवढी नेमकी वेळ सांगा. मी रात्री साडेदहाला शटर ओढलं तेव्हा गाडी धड होती आणि सकाळी साडेसातला दूध आणायला गेले तेव्हा ठोकलेली होती, एवढं सांगितलं. त्यांनी पहाटेपासून पळवत पाहिलं आणि सहा मिनिटांत सापडलं. निळा टेम्पो रिव्हर्स येतो, थांबतो, ड्रायव्हर खाली उतरतो, माझ्या दरवाज्यावरून हात फिरवतो, इकडेतिकडे बघतो आणि निघून जातो. त्या हात फिरवण्याचा मला जास्त राग आला.

इथे एक बारीक गोष्ट. स्क्रीनवरची वेळ ७ वाजून २ मिनिटं होती, पण त्या यंत्राचं घड्याळ माझ्या मोबाइलपेक्षा बावीस मिनिटं पुढे होतं. पडद्याशेजारी मोबाइलचं घड्याळ धरून दोन्हींचा एक फोटो काढून ठेवा, नाहीतर पुढे कोणीही म्हणेल की त्या वेळी माझी गाडी तिथे नव्हतीच. पेनड्राइव्हवर मूळ फाइल मागून घ्या. तेवढ्यात त्यांना जमत नसेल तर पडद्याचं मोबाइलने शूटिंग तरी कराच.

टेम्पोच्या नंबरचे शेवटचे तीनच आकडे दिसत होते. पूर्ण नंबर मिळाला तर एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर टाकून बघा. मालकाचं नाव तिथे अर्धवट झाकलेलं दिसतं, पण वाहनाचा प्रकार आणि विम्याची मुदत कळते, आणि निदान आपण नंबर चुकीचा वाचला नाही एवढी खात्री होते. मला त्याची गरज पडली नाही. हौद्यात पाण्याचे जार दिसत होते, आणि आमच्या गल्लीत एवढ्या सकाळी जार एकाच ठिकाणी उतरतात: कोपऱ्यावरच्या मेसमध्ये. मेसवाल्या मावशींनी जारवाल्याला फोन लावून दिला.

नंबर हाती आल्यावर त्या माणसाच्या दारात चार भाऊ घेऊन जाऊ नका. फोन करा, शांतपणे सांगा, व्हिडिओ पाठवा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १३४: आपल्या गाडीने दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं आणि जागेवर पोलीस नसले, तर ड्रायव्हरने चोवीस तासांच्या आत जवळच्या पोलीस स्टेशनला कळवायचं असतं. हे वाक्य मी त्याला तसंच वाचून दाखवलं. तो आधी ‘ताई, मी नव्हतो’ म्हणाला, व्हिडिओ पाहून ‘ताई, कळलंच नाही’ म्हणाला, आणि संध्याकाळी येऊन गाडी बघून गेला. डेंटिंग-पेंटिंगचे साडेसहा हजार ठरले होते, त्याने दोन हप्त्यांत चार दिले. बाकीचे मी सोडले. चुकलं असेल, पण रोज त्याच गल्लीत येणारा माणूस आहे. पैसे घेताना मात्र एका कागदावर तारीख, दोन्ही गाड्यांचे नंबर, रक्कम आणि दोघांच्या सह्या घ्या. तोंडी व्यवहार आठवडाभरात विसरले जातात.

कोणी सापडलंच नाही, किंवा सापडून हात वर केले, तर पोलीस स्टेशनला लेखी अर्ज द्या. दोन प्रती न्या, ठाणे अंमलदाराकडून एकीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. कोणाला दुखापत नाही आणि नुकसान लहान आहे म्हटल्यावर बहुतेक वेळा अदखलपात्र नोंद होते, पोलीस शोधाशोध करतील ही आशा धरू नका. कोणी मुद्दाम किल्लीने ओरखडे काढले असतील तर गोष्ट वेगळी. तो नुकसान करण्याच्या हेतूने केलेला गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३२४ त्यासाठी आहे आणि नुकसानीची रक्कम वाढते तशी शिक्षाही वाढते. म्हणून अर्जासोबत गॅरेजचं लेखी कोटेशन जोडा. आणि ‘हिट अँड रन’ची सरकारी भरपाई मिळेल असं कोणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या. ती मृत्यू आणि गंभीर दुखापतीसाठी आहे, पत्र्यासाठी नाही.

आता विमा. इथे बहुतेक लोक चुकतात, कारण ते क्लेम आधी करतात आणि हिशेब नंतर. मी कापड बेतताना करते तसा तो आधी करा. माझ्या दरवाज्याचं आणि मागच्या पत्र्याचं कंपनीच्या वर्कशॉपचं कोटेशन होतं ११,००० रुपये: ३,००० ठोकाठोकीचे, ८,००० रंगाचे. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले १,००० रुपये आपल्या खिशातून जातात, त्याहून मोठ्या इंजिनाला २,०००. रंगाच्या बिलातला पाव भाग मटेरियल धरतात आणि त्यावर निम्मा घसारा, म्हणजे जुनेपणाची वजावट, लावतात, म्हणजे आणखी १,००० गेले. विमा कंपनी देणार ९,०००.

ऐकायला बरं वाटतं. पण पाच वर्षं क्लेम न केल्यामुळे मला ५० टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यात सवलत, होती. माझ्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता सवलतीआधी ६,००० धरा, बोनस धरून ३,०००. क्लेम केला की बोनस शून्यावर येतो आणि पुन्हा पायरी-पायरीने चढतो: २०, २५, ३५, ४५, मग ५०. म्हणजे पुढची पाच वर्षं मी ३,०००, १,८००, १,५००, ९०० आणि ३०० असे जादा भरणार. बेरीज ७,५००. गाडीची किंमत दरवर्षी उतरते म्हणून आकडा थोडा कमी येईल, पण ९,००० मिळवायला एवढं घालवायचं. त्यात वर्कशॉपचे वरचे २,००० आपलेच. कर्वे रोडमागचा गॅरेजवाला तेच काम साडेसहा हजारांत करतो. मी क्लेम केला नाही. दोन-तीन पॅनल, दिवा आणि बंपर सगळंच गेलं असेल, गाडी नवी असेल किंवा पॉलिसीत बोनस वाचवणारं जोडकलम असेल, तर हिशेब उलटा येतो. आपलेच आकडे मांडून बघा.

क्लेम करायचा ठरलाच तर त्याच दिवशी कंपनीला कळवा आणि कंपनीचा सर्वेअर, म्हणजे नुकसान तपासणारा माणूस, बघेपर्यंत दुरुस्ती करू नका. फॉर्ममध्ये खरं तेच लिहा: उभ्या गाडीला अज्ञात वाहनाने धडक दिली. वर्कशॉपमधला पोरगा म्हणतो, ‘मॅडम, पुढचा जुना डेंटपण यातच टाकून देऊ.’ नको. जुन्या डेंटला कडेने गंज चढलेला असतो, सर्वेअरला तो दिसतो, आणि मग खऱ्या नुकसानीवरही शंका येते. क्लेम विनाकारण नाकारला तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. तिथून समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. त्यांचं कार्यालय पुण्यातही आहे आणि तक्रारीला पैसे पडत नाहीत.

गॅरेजमध्ये देण्याआधी ओरखड्यावरून नख फिरवा. नख अडकलं नाही तर तो वरच्या थरातच आहे, रबिंगने जातो, रंगाचे पैसे देऊ नका. नख अडकलं आणि आत पत्रा चमकत असेल तर पावसाळ्यात दोन-चार दिवसांत गंज धरतो. तोपर्यंत मी कोरड्या पत्र्यावर बिनरंगाचं नेलपॉलिश लावते. पेंटर कुरकुरतो, पण गंज घासण्यापेक्षा त्याला ते सोपं पडतं. रंग लावण्याआधी लांबी, म्हणजे खड्डा भरायची पुट्टी, किती भरली ते बघायला एकदा चक्कर मारा. पत्रा बाहेर न ओढता नुसती जाडच्या जाड लांबी थापली की वर्षभरात तडकते.

टेम्पोच्या प्रकरणानंतर मी पुढच्या काचेवर आतून एक कागद लावला, दुकानाचा नंबर आणि खाली ‘गाडीला लागलं तर फोन करा, ओरडणार नाही’. घरच्यांनी खूप चेष्टा केली. तिसऱ्या वेळचा स्कूटरवाला तो वाचूनही पळाला असणार. चौथ्या वेळी मात्र भर दुपारी फोन वाजला. ‘काकू, तुमच्या गाडीचा आरसा माझ्या हँडलने फुटला. मी इथेच उभाय.’ कॉलेजचा मुलगा, हातात हेल्मेट, चेहरा उतरलेला. आरशाचं घर शाबूत होतं, नुसती काच गेली होती. नाना पेठेत ती साडेतीनशेला मिळाली, तोच जाऊन घेऊन आला.