दुबईच्या नाइटक्लबमध्ये डीजे म्हणून काम करताना: करार, कन्सोल आणि सहकारी

मुंबई-पुण्याच्या क्लबांत, गोव्याच्या हंगामात किंवा लग्नाच्या वरातींत हात बसलेल्या मराठी डीजेंसाठी परदेशातील पहिली नोकरी अनेकदा दुबईची असते, कारण तेथे बॉलिवूड आणि पंजाबी गाण्यांच्या रात्रींना कायम मागणी असते. मिक्सिंग तुम्हाला येते असे मी येथे गृहीत धरतो. माझा भर सहकाऱ्यांवर आहे. परक्या शहरात रात्रपाळीची ही नोकरी शेजारी उभ्या असलेल्या माणसांच्या जोरावर टिकते आणि ती सोबत आपोआप मिळत नाही, हे निघण्यापूर्वीच नीट समजून घ्यावे.

पहिला सहकारी जाण्याआधीच शोधावा. ज्या क्लबकडून बोलावणे आले असेल, तेथे सध्या किंवा पूर्वी काम केलेल्या एखाद्या डीजेशी फोनवर बोलावे आणि पगार कोणत्या तारखेला होतो, राहण्याची खोली कितीजणांत असते, सुट्टी खरोखर मिळते का, हे सरळ विचारावे. एजंट जे सांगत नाही, ते हा माणूस पाच मिनिटांत सांगतो. व्हिजिट व्हिसावर जाऊन काम करणे संयुक्त अरब अमिरातीत बेकायदेशीर आहे, त्यामुळे ‘आधी या, मग व्हिसा बदलू’ असे कोणी म्हटले तर नकार द्यावा. नोकरीच्या व्हिसाचा आणि भरतीचा खर्च मालकाने करायचा, असा तेथील कायदा आहे. पासपोर्ट स्वतःकडे ठेवून घेण्याचा अधिकारही मालकाला नाही. दहावी उत्तीर्ण नसलेल्यांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ शेरा असतो. अशांना नोकरीसाठी अमिरातीत जाताना भारत सरकारच्या ई-मायग्रेट व्यवस्थेतून परवानगी घ्यावी लागते.

करारातील दोन गोष्टी आपल्या व्यवसायात विशेष महत्त्वाच्या आहेत. रमजानच्या महिन्यात बरेच नाइटक्लब बंद राहतात किंवा नाचाचे संगीत थांबवतात, तेव्हा त्या महिन्याच्या पगाराचे काय, हे लेखी असावे. तसेच क्लब पहाटे तीनच्या सुमारास बंद होतात आणि त्या वेळी मेट्रो सुरू नसते, म्हणून घरी सोडण्याची गाडी मिळणार की टॅक्सीचे पैसे खिशातून जाणार, हेही ठरवून घ्यावे. परिवीक्षेचा (प्रोबेशनचा) काळ सहा महिन्यांपेक्षा जास्त असू शकत नाही, एवढे लक्षात ठेवून मगच सही करावी.

आता कन्सोलकडे, म्हणजे डीजेसमोरच्या प्लेअर-मिक्सरच्या मांडणीकडे येऊ. मोठ्या क्लबांत बहुधा पायोनियरचे सीडीजे प्लेअर आणि डीजेएम मिक्सर असतात. गाणी रेकॉर्डबॉक्स या पायोनियरच्याच सॉफ्टवेअरमध्ये विश्लेषण करून, एफएटी३२ स्वरूपात फॉरमॅट केलेल्या दोन सारख्या पेन ड्राइव्हवर न्यावीत. एकाने दगा दिला तर दुसरा हाताशी असतो, आणि तो ऐनवेळी सहकाऱ्यालाही उपयोगी पडतो. प्लेअर एकमेकांना केबलने जोडलेले असले की एकाच पेन ड्राइव्हवरील गाणी सर्वांवर वाजतात. म्हणूनच बदलीच्या वेळी, म्हणजे एक डीजे उतरून दुसरा त्याच्या जागी येताना, घाई करू नये.

ही बदलीची पाच-दहा मिनिटे मी सर्वांत जास्त मोलाची मानतो, कारण तुम्ही कसे सहकारी आहात, हे तेथेच दिसते. आपल्या वेळेच्या किमान पंधरा मिनिटे आधी पोहोचावे, परंतु वाजवणाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून उभे न राहता त्याची नजर मिळेपर्यंत बाजूला थांबावे. मोकळ्या झालेल्या प्लेअरमध्येच आपला पेन ड्राइव्ह लावावा. आधीच्या डीजेचे शेवटचे गाणे त्याच्या ड्राइव्हवरून वाजत असताना तो चुकूनही काढू नये, नाहीतर भरलेल्या फ्लोअरवर आवाज तुटतो आणि त्याचा राग योग्यच असतो. त्याने निवडलेले शेवटचे गाणे पुरते वाजू द्यावे. आपण निघताना वापरात नसलेल्या चॅनेलचे इक्यूचे (बास-ट्रेबलचे) नॉब मध्यावर आणावेत, इफेक्ट बंद करावा, मॉनिटरचा, म्हणजे डीजेजवळच्या स्पीकरचा, आवाज कमी करावा आणि ‘उजवीकडच्या प्लेअरचे क्यू बटण अडकते’ यासारखी माहिती पुढच्याच्या कानावर घालावी. पाण्याचे ग्लास कन्सोलवर न ठेवणे हीसुद्धा पुढच्या माणसाची काळजीच आहे.

सुरुवातीचा सेट वाजवणाऱ्याने रात्रीची सर्वांत गाजणारी गाणी आधीच संपवू नयेत, हा या व्यवसायातील अलिखित नियम आहे. अकरा वाजता फ्लोअर भरवून दाखवण्याचा मोह होतो, पण मग एक वाजता येणाऱ्या गेस्ट डीजेच्या हाती काही उरत नाही. नवख्याने हा संयम दाखवला, तर रेसिडेंट डीजे (क्लबचा नेहमीचा डीजे) स्वतःहून त्याला चांगल्या वेळा देऊ लागतो. उलट, गेस्ट म्हणून गेल्यावर रेसिडेंटला त्या जागेची गर्दी कशी आहे, हे विचारावे. कोणत्या टेबलावर कोणत्या गाण्याची फरमाईश येते, हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

डीजेचे सहकारी फक्त डीजे नसतात. दुबईच्या क्लबमध्ये नेपाळी, फिलिपिनो, केनियन, लेबनीज, भारतीय अशी सरमिसळ असते. पहिल्या आठवड्यातच लाइट ऑपरेटर, साउंड इंजिनिअर, बारटेंडर आणि बाउन्सर यांची नावे पाठ करावीत आणि ती नीट उच्चारावीत. ड्रॉप, म्हणजे गाण्यात ठेका जोरात उसळतो तो क्षण, कधी येणार, याची खूण लाइट ऑपरेटरला आधी द्यावी. फरमाइशीसाठी पाहुण्याने पैसे दिले तर त्यातील वाटा लाइट ऑपरेटरला द्यावा, कारण ती रात्र त्याच्या प्रकाशानेही रंगलेली असते. कन्सोलवर चढू पाहणाऱ्या मद्यधुंद पाहुण्याशी वाद न घालता बाउन्सरला इशारा करावा. गर्दीचे व्हिडिओ काढून सोशल मीडियावर टाकण्याची सवय मात्र येथे बदलावी लागते, कारण परवानगीशिवाय लोकांचे चित्रण करणे तेथे गुन्हा ठरू शकतो आणि त्याचा त्रास संपूर्ण क्लबला होतो.

कानांची काळजी एकमेकांनी घ्यावी. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास चालतो, असे धरले तर दर ३ डेसिबलला ही मर्यादा निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला ती फक्त १५ मिनिटांवर येते. इअरप्लग वापरावेत, मॉनिटर गरजेपुरताच ठेवावा, आणि सहकारी कानात गुणगुण होते म्हणाला तर त्याची एखादी पाळी स्वतःकडे घ्यावी. त्याचप्रमाणे रात्री दिलेला पेग नाकारण्यात कसलाही अपमान मानू नये आणि नाकारणाऱ्याला आग्रह करू नये. अमिरातीत मद्य पिऊन गाडी चालवण्याला जराही सूट नाही.

राहणे अनेकदा सामायिक खोलीत किंवा बेडस्पेसमध्ये (खोलीतील एका पलंगापुरत्या भाड्याच्या जागेत) असते. पाळ्या वेगळ्या असल्यामुळे एकाची पहाट ही दुसऱ्याची मध्यरात्र ठरते, म्हणून झोपेच्या वेळा, जाड पडदे, हेडफोनशिवाय सराव न करणे आणि किराण्याचा हिशेब या गोष्टी पहिल्या दिवशीच स्पष्ट कराव्यात. आठवड्यातून एकदा सर्वांनी मिळून जेवावे. करामा किंवा बर दुबई या भागांत भारतीय सामान सहज मिळते, त्यामुळे आपल्या हातचे पिठले-भात नेपाळी सहकाऱ्याला खाऊ घालायला फार खटाटोप लागत नाही. घरी व्हॉट्सॲप कॉल लागत नाहीत, तेव्हा कोणते ॲप चालते, हेही आधी आलेल्याकडूनच कळते.

पगार अडकला तर एकट्याने व्यवस्थापकाशी भांडू नये. सर्वांनी मिळून, तारखा आणि बँकेचे तपशील जपून, अमिरातीच्या मनुष्यबळ मंत्रालयाकडे तक्रार करावी. भारतीय वाणिज्य दूतावासाचीही मदत घेता येते. मात्र कितीही जवळचा मित्र असला तरी त्याच्या कर्जाला जामीन राहू नये. मैत्री आणि तेथील कर्जाचा कायदा वेगळे ठेवावेत.

नोकरी सोडताना करारातील सूचनेचा कालावधी पूर्ण करावा. परिवीक्षेनंतर तो ३० ते ९० दिवसांचा असतो. या दिवसांत आपल्या जागी येणाऱ्याला आठवड्याच्या रात्रींचे स्वरूप, नेहमीचे पाहुणे आणि बिघडणारी उपकरणे यांची टिपणी लिहून द्यावी, आणि पुढच्या क्लबमध्ये जागा निघाली की ती आधी जुन्या सहकाऱ्यांना कळवावी.