चार ओळींची वही: शियात्सू करणाऱ्याने शिकत कसं राहायचं

डिसेंबर लागला की बडोद्यात परदेशातली मंडळी उतरतात. लग्नं, शेव-उसळ, लीलो चेवडो, आणि मग "बेन, पाय जरा दाबून द्या ना!" सहा वर्षांपूर्वी अशाच एक बाई दांडियाबाजारातल्या माझ्या पुढच्या खोलीत आल्या. मी तिथे गादीवर शियात्सू करते, म्हणजे अंगठ्याने आणि तळहाताने अंगावर दाब देण्याची जपानी पद्धत. अमेरिकेहून येऊन दोनच दिवस झालेले, डावी पोटरी ठणकत होती. विमानात पाय आखडला असेल असं त्या म्हणाल्या, मीही मान डोलावली. पोटरीवर तळहात ठेवला तर ती उजवीपेक्षा गरम. तरी मी दोन दाब दिले. तिसऱ्याला हात अडखळला, भाचीला हाक मारली आणि त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. डॉपलरमध्ये, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, शिरेत रक्ताची गुठळी निघाली.

बाई बऱ्या झाल्या. पण ते दोन दाब माझ्या अंगठ्यातून अजून गेले नाहीत. भिंतीवर तेव्हा चार प्रमाणपत्रं होती. लांबच्या प्रवासानंतर एकाच पायाला सूज, ऊब, लाली किंवा दुखणं दिसलं तर तिथे हात लावायचा नाही, हे मी वाचलेलंही होतं, कुठल्याशा झेरॉक्सच्या तळाशी. हातापर्यंत ते पोचलंच नव्हतं.

तेव्हापासून वही सुरू केली. दोनशे पानी, साधी. गादी गुंडाळायच्या आधी चार ओळी लिहायच्या: तक्रार काय, हाताला काय लागलं, मी काय केलं, आणि मला काय कळलं नाही. नाव लिहायचं नाही, नंबर टाकायचा. चौथी ओळ रोज रिकामी राहायला लागली तर समजावं की आपण डोळे मिटून दाबतोय. माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे: "नं. ४७. वासी उत्तरायणाच्या (संक्रांतीनंतरचा दिवस) दुसऱ्या दिवशी. दोन दिवस गच्चीवर पतंग. मान आखडली. वर बघितलं की चक्कर. कवटीखालचा फूची बिंदू दाबला नाही. का दाबला नाही, सांगता येत नाही."

या शेवटच्या वाक्यामुळे मी ओळखीच्या फिजिओथेरपिस्टकडे जाऊन दोन सकाळी नुसती बसले. चक्करेबरोबर दुहेरी दिसणं, जीभ जड होणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूला बधिरपणा यांतलं काही असेल तर मानेला हात न लावता थेट हॉस्पिटल, हे तिथे पक्कं झालं. त्या दोन सकाळींचा खर्च एक किलो पेढे.

पुढच्या वर्षी काय शिकायचं हे ठरवताना जाहिराती बघू नका, वही उघडा. आमच्याकडे जानेवारीत माना येतात, नवरात्रात गरब्याचे घोटे आणि गुडघे, डिसेंबरात विमानातले पाय. तुमच्या गावाचं वेळापत्रक वेगळं असेल. नाशकात द्राक्षबागेत काम करणारी पाठ येईल, पुण्यात कॉम्प्युटरपुढची. वर्षाला एकच विषय घ्यावा. मी दोन घेऊन पाहिले, दोन्ही अर्धे राहिले.

पोटरीसाठी मी आता शिवणाची टेप ठेवते. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीवर हाडाचा उंचवटा लागतो, तिथून १० सेंटीमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजायचा. फरक ३ सेंटीमीटरच्या वर गेला तर डॉक्टरही ते गंभीर धरतात. मात्र फरक कमी आला म्हणून गुठळी नाही असं ठरत नाही. शंका आली की गादीवर घ्यायचंच नाही, टेप काहीही सांगो.

आता दाबाचा सराव. त्यासाठी घरातला वजनकाटा पुरतो, काट्याचा असेल तर उत्तम. तो जमिनीवर ठेवून समोर गुडघ्यांवर बसा, अंगठ्याचा मांसल भाग टेकवा आणि कंबरेतून पुढे झुका. काटा संथ चढला पाहिजे, पाच मोजेपर्यंत स्थिर राहिला पाहिजे आणि तसाच संथ उतरला पाहिजे. खांद्याने ढकललंत की काटा थरथरतो, लगेच दिसतं. मी पहिल्यांदा केलं तेव्हा काटा नुसता नाचत होता, आणि ते माझं प्रॅक्टिसचं अकरावं वर्ष! अंगठ्याच्या बुडाशी का दुखतं, तेही त्याच दिवशी कळलं. आता अर्धं काम तळहात आणि कोपराने करते.

सासूबाई हे सगळं झोपाळ्यावरून बघत असतात. एकदा म्हणाल्या, "अगं, माणिकराव कुठल्या वर्कशॉपला गेले होते?" आमच्या भागात जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या प्रो. माणिकरावांचं नाव हाडं बसवण्यासाठी आजही निघतं, त्यामुळे प्रश्न रास्त. म्हटलं, आई, त्यांच्याकडे आखाडा होता, मुरगळलेले हातपाय रोज समोर यायचे. माझ्याकडे दिवसाला तीन माणसं येतात, चौथ्या माणसाची तजवीज मलाच करायला हवी.

ती तजवीज म्हणजे मंगळवार. अलकापुरीतली एक मैत्रीण शियात्सू करते. एका मंगळवारी ती मला देते, पुढच्या मंगळवारी मी तिला. नियम एकच: आडवी असलेलीने बोलायचं. "इथे हाडावर आलीस." "डावा हात उचललास, एकटं वाटलं." मासुनागा या जपानी शियात्सू शिक्षकांच्या पद्धतीत एक हात फिरतो आणि दुसरा एका जागी शांत राहतो, त्याला आईचा हात म्हणतात. माझा आईचा हात सतत उठतो, हे मला मंगळवारीच कळलं. पैसे देऊन आलेलं माणूस असलं काही सांगत नाही, ते पुढच्या वेळी येत नाही इतकंच.

कार्यशाळांबद्दल माझं मत थोडं कडू आहे. एकदा महागड्या हॉटेलात दोन दिवस घालवले. चाळीस जण, शिकवणारा एक, आणि प्रमाणपत्रावर माझं आडनाव चुकीचं. आता पैसे भरण्याआधी फोनवर तीन गोष्टी विचारते: एका शिक्षकामागे किती गाद्या, शिक्षक स्वतः माझ्या अंगावर दाब देऊन दाखवणार का, आणि कुणाला दाब द्यायचा नाही हे किती वेळ शिकवणार. तिसऱ्या प्रश्नावर समोरचा गडबडला तर फोन ठेवते. जपानात या कामाला किमान तीन वर्षांचं शिक्षण आणि राष्ट्रीय परीक्षा लागते. आपल्याकडे तसा कायद्याचा धाक नाही, म्हणून तास आपणच मोजायचे. मी वर्षाला चाळीस ठरवलेत, त्यांत मंगळवार धरते, यूट्यूब धरत नाही. दर दोन वर्षांनी प्रथमोपचार आणि सीपीआर. गरोदरपणात टाळायचे बिंदू, म्हणजे अंगठा-तर्जनीमधला गोकोकू आणि घोट्याच्या आतून चार बोटं वरचा सानइन्को, हे दरवर्षी एकदा कुणाला तरी तोंडी म्हणून दाखवते.

कोजागिरी झाली की गावाचे पाय शांत होतात. दिवाळीच्या फराळाआधी आठवडाभर वही मागून पुढे वाचते आणि चौथ्या ओळी लाल पेनने खुणावते. यंदा सगळ्यात जास्त खुणा सत्तरीपुढच्या पाठींवर पडल्या: ठिसूळ हाडं, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, किती झुकायचं. सासूबाई एक्याऐंशीच्या आहेत आणि रोज संध्याकाळी पाठ पुढे करतात. त्यांचा हाडांच्या घनतेचा रिपोर्ट येईपर्यंत त्यांना फक्त तळहात मिळतो, आणि त्या कुरकुरतात.