प्रायमर आधी, खिळे नंतर

इथे न्यू जर्सीत घरामागच्या शेडच्या भिंतींना बाहेरून सीडर लाकडाच्या आडव्या फळ्या लावणार असाल, तर एक कळकळीचं सांगणं: फळी भिंतीवर चढण्याआधी तिला सगळीकडून प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा पहिला थर, लागलेला हवा. ठोकून झाल्यावर फक्त दर्शनी बाजू रंगवली, तर मागून ओल शिरते, फळी फुगते आणि रंगाचे पापुद्रे सुटतात.

सीडरला ऑइल प्रायमरच घ्या. पाण्याच्या साध्या प्रायमरमधून लाकडातल्या टॅनिन या द्रव्याचे तपकिरी डाग वर येतात.

सगळ्यात जपायचं ते कापलेलं टोक. लाकूड पाणी पितं ते तिथूनच. कोकणात आमचे सुतारकाका चौकटीचं भिंतीत जाणारं टोक डांबराने माखल्याशिवाय बसवत नसत, ते याचसाठी. करवत चालवली की लगेच टोकाला ब्रश फिरवा. ओली चकाकी बघता बघता आत मुरते आणि रेषा पुन्हा उघड्या दिसतात. वाळलं की दुसरा हात द्याच.

भिंतीवर हाउसरॅप (फळ्यांमागे पाणी अडवणारं आवरण) खालून वर लावत जा, वरचा थर खालच्यावर चढता. मग कोपऱ्यांच्या आणि दारा-खिडकीभोवतीच्या पट्ट्या. फळ्या नंतर त्यांना भिडतील. दारावरच्या पट्टीच्या डोक्यावर पत्र्याची झेड पट्टी (Z आकारात दुमडलेली) हवीच. तिची मागची कड हाउसरॅपच्या आत सरकवा.

सर्वात खालची फळी मातीपासून किमान सहा इंच वर ठेवा, म्हणजे पावसाचे शिंतोडे आणि साचलेला बर्फ तिला कमी लागतो. ती पाणसळीत बसली की वरच्या फळ्यांचं काम सोपं. प्रत्येक फळी खालचीवर निदान एक इंच चढवा. खिळे स्टेनलेस स्टीलचेच. साध्या लोखंडाचे काळे ओघळ सीडरवर उतरतात आणि जाता जात नाहीत. भिंतीच्या सांगाड्यातल्या दर उभ्या दांड्यावर एकच खिळा, खालच्या फळीच्या वरच्या कडेच्या जरा वर मारायचा. एकाच खिळ्यात दोन फळ्या अडकवल्या तर ऋतूप्रमाणे फुगायला-आक्रसायला जागा उरत नाही आणि फळी तडकते. खिळ्याचं डोकं फळीच्या पातळीला आलं की हातोडी थांबवा.

फळी कोपऱ्याच्या पट्टीला भिडते तिथे कॉक (फट बुजवायचा लवचिक मसाला) भरा. फळ्यांच्या खालच्या कडा आणि झेड पट्टीवरची फट मात्र मोकळी सोडा, आत गेलेलं पाणी तिथूनच बाहेर पडतं. मग दोन आठवड्यांच्या आत अॅक्रिलिक रंगाचे दोन हात द्या. प्रायमर त्याहून जास्त उन्हात उघडा ठेवू नका.