दुसऱ्या चित्रपटाला माणसं यावीत म्हणून: फिल्म सोसायटीत परदेशी चित्रपटांचा हंगाम कसा लावायचा

पहिल्या चित्रपटाला गर्दी होतेच. पत्रक नुकतंच निघालेलं असतं, सभासदांनी ओळखीच्यांना ओढून आणलेलं असतं, कुणीतरी दोन शब्द बोलणार असतं. त्या गर्दीवर हुरळून जाऊ नका. हंगाम जमला की नाही हे दुसऱ्या चित्रपटाला कळतं, आणि ते ठरलेलं असतं कितीतरी आधी, चित्रपट निवडून त्यांचा क्रम लावताना. आमच्या सोसायटीत ते काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे, म्हणून मी त्याबद्दलच लिहिते. वर्गणी, हिशेब, सभागृहाची तारीख मिळवणं या गोष्टी आमचे खजिनदार माझ्यापेक्षा चांगल्या सांगतील.

निवड आणि क्रम

बैठकीत पहिली सूचना ठरलेली: एक इराणी, एक जपानी, एक फ्रेंच, एक आफ्रिकेतला असं घेऊ या. ऐकायला छान वाटतं. पण आठ देशांचे आठ चित्रपट असे ओळीने मांडले की प्रत्येक चित्रपट आपल्या देशाचा वकील होऊन बसतो आणि प्रेक्षक ‘अच्छा, तिकडे असं असतं होय’ एवढंच म्हणून उठतात. दुसरी सूचना, सर्वश्रेष्ठ यादीतले वरचे आठ घेण्याची. 2022 साली ‘साइट अँड साउंड’ मासिकाने समीक्षकांचा कौल घेतला, त्यात शांताल आकरमनचा 1975 सालचा ‘जान दिएलमन’ पहिला आला. चित्रपट 201 मिनिटांचा. एक विधवा बाई तीन दिवस घरकाम करते आणि आपण ते जवळजवळ घरातच उभं राहून पाहतो. मला तो फार आवडतो. पण पहिला आला म्हणून हंगामाची सुरुवात त्याने केलीत, तर पुढच्या वेळी सभागृहात तुम्ही आणि प्रोजेक्टरवाला असे दोघंच असाल.

त्यापेक्षा एक धागा धरा. तो एका वाक्यात सांगता यायला हवा आणि चित्रपटाचा अभ्यास नसलेल्या माणसालाही आपल्या जगण्यातून ओळखीचा वाटायला हवा. ‘नववास्तववाद आणि त्यानंतर’ हा व्याख्यानाचा विषय झाला. ‘एक ते तीन दिवसांत घडलेली गोष्ट’ हा हंगामाचा धागा होऊ शकतो. नमुना म्हणून तोच लावून दाखवते.

सुरुवात अब्बास किआरोस्तामीच्या ‘व्हेअर इज द फ्रेंड्स हाउस?’ने (1987). लांबी 83 मिनिटं. मित्राची वही चुकून आपल्याकडे आली म्हणून एक मुलगा ती परत करायला शेजारच्या गावी धावत सुटतो. सबटायटल्सची सवय नसलेल्यांसाठी हा फार सोयीचा, कारण माणसं तीच तीच वाक्यं पुन्हा पुन्हा बोलतात. थोड्या वेळाने प्रेक्षक वाचणं सोडून चेहरे बघायला लागतात. पहिल्या संध्याकाळी मला तेवढंच हवं असतं.

दुसरा सगळ्यात जपून निवडायचा. इथे मी दोन चित्रपट एकत्र लावेन: सेनेगलच्या उस्मान सेंबेनचा ‘बोरोम सारे’ (1963) आणि लगेच इटलीच्या व्हित्तोरियो दे सिकाचा ‘बायसिकल थीव्हज’ (1948). पहिला जेमतेम वीस मिनिटांचा, डाकारमधल्या एका गाडीवानाचा एक दिवस. संध्याकाळपर्यंत पोलीस त्याची गाडी जप्त करतो. दुसरा 89 मिनिटांचा, रोममधल्या माणसाची सायकल चोरीला जाते. दोघांचीही पोट भरायची साधनं गेली. दे सिकाचा चित्रपट अनेकांनी पाहिलेला असतो किंवा पाहिल्यासारखा वाटत असतो, पण गाडीवानानंतर तो पाहिला की वेगळा दिसतो. तो पाहिलेला माणूसही त्यामुळे पुन्हा येतो.

लघुपट आणि मोठा चित्रपट यांची अशी जोडी लावण्याची रीत जुनी आहे. 1925 साली सुरू झालेल्या लंडनच्या फिल्म सोसायटीने नोव्हेंबर 1929 मध्ये आयझेनस्टाइनचा ‘बॅटलशिप पोटेम्किन’ आणि जॉन ग्रिअरसनचा हेरिंग मच्छीमारांवरचा ‘ड्रिफ्टर्स’ एकाच कार्यक्रमात दाखवले होते. न्यूयॉर्कच्या ‘सिनेमा 16’ या फिल्म सोसायटीत (1947 ते 1963) एमॉस व्होगेल वैज्ञानिक माहितीपट, प्रायोगिक चित्रपट, ॲनिमेशन असं एकमेकांशी न पटणारं एका संध्याकाळी बसवायचा. हे जमण्याचं एक कारण म्हणजे तिथले प्रेक्षक वर्षभराचे सभासद होते. एकेका खेळाचं तिकीट विकलं, तर प्रत्येक वेळी लोकांना आवडेल तेच दाखवण्याचा मोह होतो. पूर्ण हंगामाचं सभासदत्व द्या, अवघड चित्रपटालाही जागा राहते.

तिसरा अन्येस वार्दाचा ‘क्लिओ फ्रॉम 5 टू 7’ (1962), चौथा बर्गमनचा ‘वाइल्ड स्ट्रॉबेरीज’ (1957). एकात तरुण गायिका वैद्यकीय अहवालाची वाट पाहते, दुसऱ्यात म्हातारा प्राध्यापक मानाची पदवी घ्यायला मोटारीने निघालेला असतो. दोन्ही नव्वदीच्या आसपास मिनिटांचे. दोन्हींबद्दल फार समजावू नका.

मध्यावर हसू हवं. समिती हे हमखास विसरते, जणू परदेशी चित्रपट म्हणजे सुतकच पाळायचं असतं. पाचवा म्हणून रुमानियाच्या पोरुंबोयूचा ‘12:08 ईस्ट ऑफ बुखारेस्ट’ (2006) घ्या. 22 डिसेंबर 1989 ला, हुकूमशाही उलथली त्या दिवशी, आपल्या गावात क्रांती झाली होती की नव्हती, यावर स्थानिक टीव्हीवर तीन माणसं वाद घालतात. त्याच्या पाठोपाठ सहावा, मुंग्यूचा ‘4 मन्थ्स, 3 वीक्स अँड 2 डेज’ (2007). तोच देश, क्रांतीच्या दोन वर्षं आधीचा, आणि बेकायदा गर्भपातासाठी धडपडणाऱ्या दोन मैत्रिणींचा एक दिवस. आधी हसलेला प्रेक्षक इथे गप्प होतो. पत्रकात विषय स्पष्ट लिहा. ज्यांना तो सोसणार नाही त्यांना अंधारात बसल्यावर कळू नये.

आता ‘जान दिएलमन’. सातवा. इथपर्यंत आलेली माणसं 201 मिनिटं बसतात, शिवाय ‘हा लांब आहे आणि मुद्दाम लांब आहे’ असं आधीच्या दोन खेळांना सांगून ठेवलेलं असतं. खेळ नेहमीपेक्षा तासभर आधी सुरू करा. मध्यंतर द्यायचं असेल तर एका दिवसाचा शेवट होतो तिथे द्या, बटाटे सोलण्याच्या मध्ये नको.

शेवट झिगा व्हर्तोवच्या ‘मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा’ने (1929). 68 मिनिटं, मूकपट, मधल्या पाट्यासुद्धा नाहीत. एका शहराचा म्हणून दाखवलेला दिवस प्रत्यक्षात मॉस्को, कीव्ह, ओडेसा अशा शहरांत टिपलेला आहे. वाचायला काहीच नसल्यामुळे लहान मुलं, आजी-आजोबा सगळे येऊ शकतात. फक्त एक भानगड लक्षात ठेवा. मूकपटाच्या डिस्कवरचं संगीत बहुधा नंतरचं असतं आणि त्याचे हक्क वेगळे असू शकतात. वादक मिळाले तर प्रत्यक्ष वाजवून घ्या.

परवानगी

डिस्क विकत घेतली किंवा स्ट्रीमिंगची वर्गणी भरली म्हणजे सभागृहात दाखवण्याचा हक्क मिळाला, असं होत नाही. तो घरी पाहण्यापुरता असतो. तिकीट नसलं तरी हक्क कुणाकडे आहेत ते शोधून परवानगी घ्यावीच लागते. चित्रपट जुना आहे म्हणून मोकळा झाला असंही धरून चालू नका. मुदत देशोदेशी वेगळी असते.

पत्र लहान ठेवा: तारीख, किती खेळ, किती खुर्च्या, तिकीट की सभासदत्व, प्रत कुठल्या स्वरूपात हवी, सबटायटल्स कुठल्या भाषेत. एवढं एका परिच्छेदात दिलं तर उत्तर लवकर येतं. सोसायटीचा इतिहास लिहिलेलं दोन पानी पत्र कुणी वाचत नाही. एका वितरकाने आमच्या पत्राला तीन महिने उत्तर दिलं नाही आणि मग कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात नकार कळवला. तेव्हापासून लेखी होकार आल्याशिवाय पत्रकात नाव छापायचं नाही आणि एक पर्यायी चित्रपट परवानगीसकट तयार ठेवायचा, हे दोन नियम मी मोडू देत नाही. ग्योथे इन्स्टिट्यूट, इन्स्टित्यूत फ्रांसे, जपान फाउंडेशन या परदेशी सांस्कृतिक संस्थांकडे बिगर-व्यावसायिक खेळांसाठी चित्रपट असतात. आधी तिथे विचारा.

तालीम

माझा सगळा हट्ट इथे आहे. चित्रपट घरी संगणकावर पाहिला म्हणजे तालीम झाली, असं मानू नका. त्याच सभागृहात, त्याच प्रोजेक्टरवर, त्याच फाइलने पाहायचा. पूर्ण पाहायला वेळ नसेल तर सुरुवात, मध्य आणि शेवटची दहा मिनिटं.

शेवटची दहा मिनिटं सबटायटल्ससाठी. सबटायटल्स सुरुवातीपासूनच ठरावीक सेकंदांनी पुढे-मागे असतील तर फाइल तेवढी सरकवली की झालं. पण सुरुवातीला बरोबर आणि शेवटाकडे अंतर वाढत गेलेलं, असं असेल तर गती जुळत नाही. चित्रपट सेकंदाला 24 चौकटींनी (फ्रेम्सनी) चालतो. युरोपातल्या जुन्या डीव्हीडींवर तो 25ने चालवलेला असतो, त्यामुळे 100 मिनिटांचा चित्रपट 96 मिनिटांत संपतो. अशा डीव्हीडीसाठी बनवलेली सबटायटल्स 24च्या प्रतीवर लावली की तासाभराने ती दोन मिनिटांहून जास्त पुढे पळालेली असतात. म्हणजे नवऱ्याच्या तोंडी बायकोचं उत्तर. फाइल नुसती सरकवून हे सुटत नाही, गती बदलून घ्यावी लागते.

मग शेवटच्या रांगेत जाऊन बसा, मधल्या खुर्चीवर. पुढे दोन उंच माणसं बसवा. सबटायटल्सची खालची ओळ दिसते का? सपाट जमिनीच्या सभागृहात बहुतेक वेळा दिसत नाही. पडदा वर घ्या, खुर्च्या पुढच्या दोघांच्या मधून दिसेल अशा सरकवून लावा, किंवा सबटायटल्स चित्रात थोडी वर उचला. अक्षरं पांढरी असतील तर त्यांना काळी किनार हवी, नाहीतर बर्फाच्या दृश्यात संवाद गायब होतात.

चित्राची लांबी-रुंदी हा पुढचा प्रश्न. ‘बायसिकल थीव्हज’ चौरसाच्या जवळ जाणारा आहे, उंचीच्या 1.37 पट रुंद. मुंग्यूचा बराच रुंद, 2.35 पट. हल्लीचे प्रोजेक्टर आणि टीव्ही सगळंच ओढून पडदाभर करायला बघतात. कडेला काळे पट्टे दिसले की कुणीतरी येऊन ‘फुल स्क्रीन करा ना’ म्हणतं. करायचं नाही. चित्र ताणलंय का हे बघायला गोल वस्तू शोधा. दे सिकाच्या चित्रपटात ती शोधावीही लागत नाही, सायकलची चाकं लंबगोल दिसली की थांबवा. रुंद चित्रपटात सबटायटल्स खालच्या काळ्या पट्टीत येत असतील आणि तुम्ही ती पट्टी पडद्याने झाकणार असाल, तर सबटायटल्सही झाकली जातील. हे तालमीतच दिसायला हवं.

आवाजाची भाषा तपासा. काही डिस्क सुरू केल्या की आपोआप डब केलेला आवाज लागतो. रिकाम्या सभागृहात बरोबर वाटलेला आवाज भरलेल्या सभागृहात कमी पडतो, कारण माणसं आणि कपडे तो शोषून घेतात. म्हणून किंचित वर ठेवा. चालवणाऱ्याला चित्रपटाची खोडही सांगून ठेवा: ‘क्लिओ’ची सुरुवातीची पत्त्यांची दृश्यं रंगीत आहेत आणि पुढे सगळा कृष्णधवल. प्रोजेक्टर बिघडला समजून कुणी मध्येच वायरी हलवायला नको.

चित्रपटगृहात डीसीपीवरून (चित्रपटगृहांसाठीच्या डिजिटल प्रतीवरून) दाखवणार असाल तर फाइलसोबत केडीएम नावाची डिजिटल किल्ली येऊ शकते. ती ठरावीक सर्व्हरवर आणि ठरावीक वेळेतच चालते. खेळ एक दिवस पुढे ढकललात तर नवी किल्ली मागवावी लागेल. आदल्या दिवशी उघडून बघाच.

त्या संध्याकाळी

प्रास्ताविक पाच मिनिटं, घड्याळ लावून. कथा सांगायची नाही, दिग्दर्शकाचं चरित्र वाचायचं नाही. पाहताना कामाला येईल असं एक काहीतरी सांगा. ‘क्लिओ’आधी मी एवढंच सांगते की पडद्यावरचा वेळ आणि तुमच्या मनगटावरचा वेळ जवळजवळ बरोबरीने चालणार आहे. श्रेयनामावली संपेपर्यंत दिवे लावू नका.

दिवे लागले की आधी पुढच्या चित्रपटाची तारीख आणि एक वाक्य सांगून टाका, चर्चा त्यानंतर. चर्चेला थांबणारे पुढच्या वेळी येणारच असतात. दाराकडे निघालेल्यांना तारीख कळायला हवी. मग निघणाऱ्यांना निवांत निघू द्या.

चर्चेची सुरुवात ‘कसा वाटला?’ने केली की ‘छान’ येतं आणि सगळं संपतं. एखाद्या दृश्यावर बोट ठेवा: मित्राच्या वहीतलं फूल कुणी पाहिलं? गाडीवानाने सगळे पैसे कुणाला देऊन टाकले? आमच्याकडे एक गृहस्थ दर वेळी ‘म्हणजे शेवटी झालं काय?’ असं विचारतात. आधी मला राग यायचा. आता मी त्यांच्या प्रश्नाची वाटच बघते, कारण निम्म्या सभागृहाला तेच विचारायचं असतं. उत्तर तुम्ही देऊ नका, दुसऱ्या कुणाला तरी द्यायला लावा. जो विद्वान सभासद दहा मिनिटं सलग बोलतो, त्याला पुढच्या वेळचं प्रास्ताविक द्या. पाच मिनिटांची मर्यादा तिथे आहेच.

त्याच रात्री वहीत चार गोष्टी टिपा: आवाजाची खूण कुठे ठेवली होती, सबटायटल्स कुठे अडखळली, किती माणसं आली, आणि उठून गेलेली कितव्या मिनिटाला गेली. विसाव्या मिनिटाला गेली असतील तर चित्रपटाची जागा किंवा पत्रकातली ओळख चुकली. दीड तासाने गेली असतील तर बहुधा शेवटची बस होती, खेळ लवकर सुरू करा.